संकेतस्थळाची मालवेअर तपासणी : अहवाल कसा वाचावा?

आपल्या संस्थेच्या सदस्यांपैकी बहुतेकांची आता स्वतःची संकेतस्थळे आहेत. कुणाचे एकाच पानाचे, म्हणजे नाव, पदव्या, भेटीची वेळ आणि पत्ता एवढेच. तर कुणाच्या शुश्रूषागृहाचे चांगले चाळीस-पन्नास पानांचे, छायाचित्रांसह आणि रुग्णांनी भेटीची वेळ ठरविण्यासाठी भरावयाच्या अर्जासह. ही संकेतस्थळे ओळखीच्या एखाद्या तरुणाने बांधून दिलेली असतात, वर्षाकाठी होस्टिंगचे पैसे भरले जातात आणि पुढे त्यांच्याकडे सहसा कुणी वळून पाहत नाही. मग एके दिवशी होस्टिंग कंपनीकडून इंग्रजीत पत्र येते. आपल्या खात्यात मालवेअर आढळले आहे, यादी सोबत जोडली आहे, अठ्ठेचाळीस तासांत निराकरण न केल्यास संकेतस्थळ बंद करण्यात येईल, असा त्याचा आशय असतो. यादीत वीस-पंचवीस ओळी आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अगम्य नाव.

अशी पत्रे घेऊन गेल्या काही वर्षांत इंदूरमधील बरेच सहकारी माझ्याकडे आले, कारण संस्थेच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आहे. मी व्यवसायाने पॅथॉलॉजिस्ट. संगणकशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु अहवाल वाचणे हे माझे नित्याचे काम आहे, आणि हा अहवाल वाचावयास जी शिस्त लागते ती आपणां सर्वांना महाविद्यालयातच शिकविली गेली आहे, असे मला दिसून आले. प्रयोगशाळेचा कागद म्हणजे निदान नव्हे, हे आपण रुग्णांच्या नातेवाइकांना रोज सांगतो. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र तोच कागद हाती पडला की आपण एक तर घाबरून जातो, किंवा 'सर्व ठीक' असे वाचून निश्चिंत होतो. ही दोन्ही टोके कशी टाळावीत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम तपासणी कशाची होते ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांची संकेतस्थळे वर्डप्रेस या मुक्त प्रणालीवर उभी आहेत. २००३ मध्ये आरंभ झालेली ही प्रणाली आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांना आधार देते. ती मूलतः पीएचपी भाषेत लिहिलेल्या काही हजार फाइलींचा संच आहे. त्यावर रूपरंग ठरविणारी 'थीम' आणि छायाचित्रांचे दालन, अर्ज, नकाशा अशी जादा कामे करणारी 'प्लगइन' चढतात, आणि अगदी साध्या दवाखान्याच्या संकेतस्थळातही दहा-वीस हजार फाइली सहज जमतात. लेख, सदस्यांची नावे, अर्जात रुग्णाने भरलेली माहिती हे सारे फाइलींत नसते, तर वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. हा भेद ध्यानात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

संकेतस्थळावरील मालवेअर हे घरच्या संगणकातील विषाणूसारखे नसते. ते संगणक बंद पाडत नाही, पडद्यावर काही दाखवीत नाही. बहुधा ती साध्या मजकुराची एक पीएचपी फाइल असते, आणि तिचा हेतू यजमानाला मारण्याचा नसून त्याच्या घरी राहून त्याची साधनसामग्री वापरण्याचा असतो. या अर्थाने हा परजीवी आहे, आणि चांगल्या परजीवीप्रमाणे यजमानाला कळू न देणे यातच त्याचे हित असते. कुणी त्यातून हजारो जाहिरातपत्रे पाठवितो, कुणी बँकेच्या नावाचे खोटे पान उभे करतो, कुणी केवळ चोरदरवाजा ठेवून तो दुसऱ्याला विकतो.

आपल्या व्यवसायाशी थेट संबंध येतो तो 'फार्मा हॅक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा. २०१० च्या सुमारास वर्डप्रेसच्या संकेतस्थळांवर तो मोठ्या प्रमाणावर आढळू लागला आणि त्याची वेगवेगळी रूपे आजही दिसतात. यात संकेतस्थळाच्या मालकाला आणि थेट पत्ता टाकून येणाऱ्या पाहुण्याला पान जसेच्या तसे दिसते. परंतु गूगलसारख्या शोधयंत्राचा यांत्रिक वाचक आला, की त्याला त्याच पत्त्यावर सिल्डेनाफिल, टाडालाफिल वगैरे औषधे चिठ्ठीवाचून विकणाऱ्या दुकानांचे दुवे वाढले जातात. काही रूपांत शोधातून आलेल्या माणसालाही थेट त्या दुकानात नेऊन सोडतात. आपल्या नावाची पत अशा रीतीने उसनी घेतली जाते. आमच्या एका सहकाऱ्यांना हा प्रकार कळला तो खरगोनहून आलेल्या एका रुग्णाच्या दूरध्वनीमुळे. मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेले ते गृहस्थ, 'तुमच्या वेबसाइटवरून' मागविलेल्या गोळ्या किती वेळा घ्यावयाच्या, असे विचारीत होते. ते छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट घेत होते. या दोन औषधांचा संयोग काय करू शकतो हे वाचकांना सांगावयास नको. गोळ्या अद्याप घेतल्या नव्हत्या हे सुदैव.

तपासणारी आज्ञावली काय पाहते?

होस्टिंग कंपन्या बहुधा ज्या साधनांनी तपासणी करतात, त्यांत क्लॅमएव्ही हे मुक्त साधन फार ठिकाणी आढळते. या शतकाच्या आरंभी पोलंडमध्ये टोमाश कोइम यांनी ते सुरू केले. २००७ मध्ये ते सोर्सफायर या कंपनीकडे आणि २०१३ मध्ये त्या कंपनीसह सिस्कोकडे गेले. त्याचा मूळ उपयोग टपालाच्या सर्व्हरवर, पत्रांतील जोडफाइली तपासण्याचा. म्हणून विंडोजच्या विषाणूंची त्याची जाण उत्तम आहे. पीएचपीमधील चोरदरवाज्यांची तेवढी नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी लिनक्स मालवेअर डिटेक्ट हे दुसरे साधन अनेक जण त्याच्या जोडीला लावतात. वर्डप्रेसच्या आत बसणारी सुरक्षा-प्लगइन निराळी.

या सर्वांच्या परीक्षेच्या पद्धती तीनच. पहिली, फाइलीचा अंकीय ठसा काढून तो ज्ञात गुन्हेगारांच्या ठशांशी ताडून पाहणे. ठसा जुळला तर शंकेस जागा नाही. परंतु फाइलीत एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, म्हणून ही पद्धत अत्यंत विशिष्ट आणि तितकीच अल्पसंवेदी. दुसरी, फाइलीतील मजकुरात ठराविक आकृतिबंध शोधणे. उदाहरणार्थ, बाहेरून आलेला मजकूर तसाच्या तसा आज्ञा म्हणून चालविणारे 'इव्हॅल', किंवा सांकेतिक मजकूर उलगडणारे 'बेस सिक्स्टीफोर डिकोड' आणि 'जीझेडइन्फ्लेट' एकापाठोपाठ एक येणे. ही पद्धत अधिक संवेदी आहे, पण यांतील एकही शब्द स्वतः गुन्हेगार नाही. सुरीप्रमाणे तो स्वयंपाकघरातही असतो. तिसरी पद्धत मला सर्वांत प्रिय आहे आणि तिच्याकडे पुढे येतो : संशयिताचे वर्णन शोधण्याऐवजी, निरोगी संच कसा असावयास हवा त्याच्याशी तुलना करणे.

अहवालातील नाव वाचले की कोणती पद्धत वापरली ते बहुतेक वेळा कळते. लिनक्स मालवेअर डिटेक्टच्या अहवालात नावाआधी महिरपी कंसात 'एमडी फाइव्ह' असेल तर ठसा जुळला आहे. 'हेक्स' असेल तर आकृतिबंध जुळला आहे. क्लॅमएव्हीच्या नावाचा पहिला भाग मंच सांगतो ('विन' म्हणजे विंडोज, 'पीएचपी' म्हणजे पीएचपी), दुसरा प्रकार सांगतो, शेवटचे आकडे ओळखखुणेचा क्रमांक आणि आवृत्ती. नावाच्या आरंभी 'ह्युरिस्टिक्स' असेल तर तो तर्क आहे, ओळख नव्हे. 'पीयूए' असेल तर ती फाइल दुष्ट असेलच असे नाही, नकोशी असू शकते. शेवटी 'अनऑफिशियल' असेल तर ओळखखूण अधिकृत संग्रहातील नसून बाहेरून जोडलेली आहे. ती कित्येकदा अधिकृतापेक्षा सरस असते, पण तिची परीक्षा कुणी किती केली हे ठाऊक नसते. एवढे कळले तरी घाबरविणाऱ्या यादीतील निम्मा अंधार दूर होतो.

तेवीस ओळींचा एक अहवाल

वर उल्लेखिलेल्या सहकाऱ्यांच्या शुश्रूषागृहाला आलेला अहवाल मी जपून ठेवला आहे, कारण शिकविण्यास तो उत्तम आहे. त्यात तेवीस फाइली दूषित म्हणून दाखविल्या होत्या.

त्यांतील चौदा ओळींचा मार्ग पाहिला तर त्या संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये नव्हत्याच. त्या त्याच खात्यातील टपालाच्या फोल्डरमध्ये होत्या. जुन्या पत्रांसोबत आलेल्या विंडोजच्या जोडफाइली अकरा. त्या टपालात पडून होत्या. संकेतस्थळाला त्यांची बाधा नव्हती, पण स्वागतकक्षातील संगणकावर कुणी उघडल्या असत्या तर प्रसंग ओढवला असता. उरलेल्या तीन पत्रांवर 'ह्युरिस्टिक्स.फिशिंग' असा शेरा होता आणि ती तिन्ही पत्रे बँकेकडून खरोखरच आलेली होती. पत्रात दिसणारा दुवा एका नावाचा आणि प्रत्यक्ष नेणारा दुवा जाहिरात-संस्थेच्या नावाचा असला की हा शेरा पडतो, आणि बँका हे सर्रास करतात.

दोन ओळी एका सुरक्षा-प्लगइनच्या होत्या. चोर ओळखण्यासाठी चोरांची छायाचित्रे जवळ बाळगावी लागतात. एका पहारेकऱ्याच्या खिशातील छायाचित्रे पाहून दुसऱ्याने त्यालाच धरावे, तसा हा प्रकार. चार ओळी जुन्या बॅकअपमधील प्रतींच्या होत्या. त्या दुर्लक्षिण्याजोग्या वाटतात, पण मला त्याच फार मोलाच्या वाटल्या. कारण सर्वांत जुना दूषित बॅकअप सात महिन्यांपूर्वीचा होता. म्हणजे लागण त्याआधीची.

राहिल्या तीन. पैकी दोन 'अपलोड्स' या फोल्डरमध्ये, वर्ष-महिन्याच्या उपफोल्डरात, छायाचित्रांच्या सोबतीला बसलेल्या पीएचपी फाइली. या फोल्डरमध्ये चित्रे आणि कागदपत्रे असावीत. काही प्लगइन ठेवतात त्या रिकाम्या 'इंडेक्स' फाइली वगळता पीएचपीचे तेथे काही काम नाही. निर्जंतुक असावयास हव्या अशा जागी काही उगवले, तर ते काय आहे याआधी ते तेथे आहे हेच निदान असते. तिसरी फाइल होती मुखपृष्ठाची 'इंडेक्स डॉट पीएचपी'. ती उघडून पाहिली तेव्हा पहिल्या दृष्टीस निर्दोष वाटली. पहिल्या ओळीत मात्र दोनशेहून अधिक मोकळ्या जागा सोडून, पडद्याच्या उजव्या कडेपलीकडे, सांकेतिक मजकुराची एक लांब पट्टी चिकटविलेली होती.

तेवीसांपैकी तीन! पण गोष्ट येथे संपत नाही. ज्या तरुणाने संकेतस्थळ बांधले होते त्याने माझ्याकडे अहवाल येण्यापूर्वीच होस्टिंगच्या पडद्यावरील 'सर्व काढून टाका' हे बटण दाबले होते. त्यात मुखपृष्ठाची फाइलही गेली आणि संकेतस्थळ पांढरे पडले. त्याने ती पुन्हा घातली, पुन्हा तपासणी केली, 'दूषित फाइली : शून्य' असा अहवाल आला आणि सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. नऊ दिवसांनी तीच पट्टी त्याच ओळीत पुन्हा हजर.

शून्याचा अर्थ

येथे थोडे गणित करू. समजा, संकेतस्थळात १०,००० फाइली आहेत आणि त्यांतील ५ दूषित आहेत. तपासणीची संवेदनशीलता ८० टक्के आणि विशिष्टता ९९.८ टक्के धरू. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. ५ पैकी ४ सापडतील. उरलेल्या ९,९९५ निरोगी फाइलींपैकी सुमारे २० उगाच धरल्या जातील. अहवालात २४ ओळी येतील आणि त्यांतील ४ खऱ्या. म्हणजे सकारात्मक निष्कर्षाचे भाकितमूल्य १७ टक्क्यांच्या आसपास. ९९.८ टक्के विशिष्टतेची चाचणीसुद्धा, रोगाचे प्रमाण इतके अल्प असता, असेच वागते. चाळणी-चाचण्यांच्या बाबतीत हे आपण जाणतोच.

आता दुसरी बाजू. २४ सोडून ९,९७६ फाइलींना 'ओके' मिळाले आणि त्यांतील केवळ एक दूषित आहे. नकारात्मक निष्कर्ष ९,९७६ पैकी ९,९७५ वेळा बरोबर! कोणत्याही प्रयोगशाळेने अभिमान बाळगावा असा हा आकडा. परंतु आपला प्रश्न 'ही फाइल स्वच्छ आहे का' असा नसून 'हे संकेतस्थळ स्वच्छ आहे का' असा असतो, आणि त्या एका चोरदरवाज्यातून बाकीचे चारही परत येतात. फाइलीची तपासणी आणि संकेतस्थळाचे निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते या कारणाने. मार्जिनच्या एकाच छेदात पेशी दिसल्या नाहीत म्हणून शल्यचिकित्सकाला 'पूर्ण निघाले' असे आपण लेखी देत नाही.

शिवाय 'ओके' या शब्दात 'तपासलेच नाही' हेही दडलेले असते. क्लॅमएव्ही ठराविक आकारापेक्षा मोठी फाइल तपासत नाही. ही मर्यादा पूर्वी २५ मेगाबाइट होती, अलीकडच्या आवृत्त्यांत ती मुळात १०० मेगाबाइट असते. विशेष सूचना दिली नसेल, तर मर्यादा ओलांडणारी फाइल अहवालात निर्दोषांतच मोजली जाते. ज्या फाइली वाचण्याची परवानगी नाही त्या वगळल्या जातात. म्हणून अहवालाच्या शेवटचा गोषवारा आवर्जून वाचावा : ओळखखुणा किती आणि केव्हा अद्ययावत केलेल्या, फोल्डर किती, फाइली किती, त्रुटी किती. संकेतस्थळात वीस हजार फाइली आणि तपासलेल्या दोनशे, असे दिसले तर नमुनाच अपुरा. चाचणी मुळात चालते की नाही याची खात्री करावयाची असेल तर 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी प्रमाणफाइल मिळते. सर्व साधनांनी ती दूषित म्हणून ओळखावी असा संकेत आहे. आपण प्रत्येक संचाबरोबर पॉझिटिव्ह कंट्रोल लावतो, तेच हे.

आणि डेटाबेस? फाइलींची तपासणी तेथे पोहोचतच नाही. फार्मा हॅकच्या गाजलेल्या रूपात दुष्ट मजकूर डेटाबेसमधील सेटिंगच्या तक्त्यात, अक्षरे उलटी करून ठेवलेला असे. फाइलीत केवळ तो उचलून आणणाऱ्या चार निरागस ओळी. बाहेरून पाहणाऱ्या ऑनलाइन तपासनीसांची मर्यादा याच्या उलट आहे. त्यांना पाहुण्याला दिसते तेवढेच दिसते. ती त्वचेची पाहणी झाली, बायॉप्सी नव्हे. म्हणून गूगलमध्ये 'साइट' हा शब्द, विसर्गचिन्ह आणि लगेच आपला पत्ता लिहून शोध घ्यावा. आपल्या पानांच्या यादीत औषधांची नावे किंवा चिनी-जपानी लिपीतील मथळे दिसले तर तपासणीचा अहवाल काहीही म्हणो, रोग आहे. हे काम दोन मिनिटांचे आहे.

आमच्या सहकाऱ्यांच्या संकेतस्थळातील न सापडलेला गुन्हेगार हाती लागला तो त्या तिसऱ्या पद्धतीने. वर्डप्रेस आपल्या प्रत्येक आवृत्तीतील प्रत्येक मूळ फाइलीचा अंकीय ठसा प्रसिद्ध करते. 'डब्ल्यूपी-सीएलआय' या साधनाच्या एका आज्ञेने आपला संच त्याच्याशी ताडता येतो. बदललेली फाइल कोणती आणि मुळात असावयासच नको अशी फाइल कोणती, हे तो लगेच सांगतो. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातील प्लगइनसाठीही अशी आज्ञा आहे. विकतच्या प्लगइनसाठी नाही. त्या तपासणीत मूळ फोल्डरांपैकी एकात, इतर फाइलींच्या नावाशी मिळतेजुळते नाव धारण केलेली एक जादा फाइल निघाली. तिच्यात 'इव्हॅल' नव्हते, 'बेस सिक्स्टीफोर' नव्हते. शब्दांचे तुकडे निरनिराळ्या ओळींत ठेवून ते ऐनवेळी जोडले जात होते. कोणत्याही आकृतिबंधाला ती सापडणे कठीण. 'ही येथे कशी?' या एकाच प्रश्नापुढे मात्र तिचे सोंग टिकले नाही.

मग ती आली कोठून? फाइलीवरील 'शेवटचा बदल' हा दिनांक चोराला हवा तसा लिहिता येतो, आणि येथे तो २०१४ चा लिहिलेला होता. लिनक्सवर मात्र आणखी एक वेळ नोंदलेली असते, फाइलीची नोंद केव्हा बदलली याची. ती सर्व्हर स्वतः लिहितो आणि ती खोटी करणे तितके सोपे नाही. त्या वेळेच्या आगेमागे सर्व्हरच्या भेट-नोंदी पाहिल्या असता, छायाचित्रांच्या दालनाच्या एका प्लगइनला परदेशी पत्त्यावरून आलेल्या विनंत्या आणि त्यापाठोपाठ नव्या फाइलीला आलेली पहिली विनंती, असा क्रम स्पष्ट दिसला. ते प्लगइन कित्येक वर्षे अद्ययावत केलेले नव्हते. हा प्रवेशमार्ग नवा नाही. २०११ मध्ये छायाचित्रे लहान करणाऱ्या 'टिमथंब' या छोट्याशा फाइलीतील छिद्रातून, आणि २०२० च्या सप्टेंबरात सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या 'फाइल मॅनेजर' प्लगइनमधील छिद्रातून हेच घडले होते. दुसऱ्या प्रसंगी दुरुस्ती १ सप्टेंबरलाच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती लावली नाही त्यांच्यावर पुढे कित्येक दिवस हल्ले होत राहिले.

उपचाराचे सविस्तर विवेचन येथे करीत नाही, ते जाणकाराचे काम आहे. मात्र क्रम आपण पाहून घ्यावा. प्रथम संपूर्ण खात्याची, नोंदींसह, एक प्रत बाजूला काढावी. नमुना फेकून देऊन मग निदान मागू नये. स्वयंचलित पुसणे बंद ठेवून अलग ठेवण्याची सोय वापरावी. मूळ प्रणाली आणि प्लगइन दुरुस्त करीत बसण्यापेक्षा ती पूर्ण काढून अधिकृत ठिकाणाहून नव्याने घालणे शहाणपणाचे. अनोळखी व्यवस्थापक-सदस्य, वेळापत्रकाने चालणारी कामे, 'एचटी-ॲक्सेस' फाइल आणि त्याच खात्यातील इतर संकेतस्थळे पाहावीत. एकाच खोलीतील दोन खाटांसारखी ती एकमेकांना बाधतात. परवलीचे शब्द सर्वांत शेवटी, दार बंद झाल्यावर बदलावे, नाही तर नवे शब्दही चोराच्याच हाती पडतात. विकतची प्लगइन फुकट देणाऱ्या ठिकाणाहून काहीही घेऊ नये. आमच्या या सहकाऱ्यांनी ते छायाचित्रांचे दालनच काढून टाकले. ते कुणी पाहत नव्हते, असे नंतर कळले.

एका गोष्टीविषयी मात्र मला कळकळीने सांगावेसे वाटते. संशयित फाइलीबद्दल दुसरे मत घेण्यासाठी व्हायरसटोटल हे साधन उत्तम आहे. स्पेनमध्ये २००४ साली ते सुरू झाले, २०१२ मध्ये गूगलने घेतले, आणि ते एकाच फाइलीवर साठ-सत्तर साधनांची मते एकत्र दाखविते. सत्तरांपैकी दोघांनी दोष दिला तर काय समजावे, हा प्रश्न येथेही आहेच. त्या दोघांत एकमेकांची नक्कल करणारे असू शकतात. परंतु खरा धोका निराळा. तेथे चढविलेली फाइल सुरक्षा-कंपन्यांना आणि सशुल्क सभासदांना उपलब्ध होते. एका डॉक्टरांनी 'खात्री करून घेऊ' म्हणून संपूर्ण बॅकअप तेथे चढविण्याची तयारी केली होती. त्यात डेटाबेसची परवली होती आणि भेटीच्या अर्जांतून जमलेली रुग्णांची नावे, दूरध्वनी क्रमांक, वयासह तक्रारी होत्या; काही तक्रारी अशा, की त्या रुग्णांनी घरातही सांगितल्या नसतील. मालवेअरने जे नेले नव्हते ते आपणच हाताने दिले असते. तेथे फाइल चढवू नये. तिचा अंकीय ठसा काढून तो शोधावा. फाइल पूर्वी कुणी पाहिलेली असेल तर मते मिळतात, आणि आपल्याकडून काहीही बाहेर जात नाही.

कायद्याची बाजूही आहे. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, संकेतस्थळात शिरून दुष्ट आज्ञावली घालणे हा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविण्याच्या घटनांत मोडतो, आणि नोंदी १८० दिवस जपावयाच्या आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. आपल्या शुश्रूषागृहाला यांतील काय आणि किती लागू पडते हे वकिलाला विचारावे. होस्टिंग कंपनीला मात्र आजच विचारावे, की आमच्या भेट-नोंदी तुम्ही किती दिवस ठेवता. स्वस्त योजनांत त्या कित्येकदा महिनाभरही राहत नाहीत, आणि सात महिन्यांपूर्वीची लागण शोधावयाची झाली तर हाती काहीच उरत नाही. त्या दरमहा आपल्या संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय नियंत्रण-पडद्यावर बहुधा असते. स्वागतकक्षातील कुणालाही ती एकदा दाखवून दिली की पुरे.